चार खुर्च्यांचं आयर्लंड

ज्या उन्हाळ्यात मी लेकीकडे जर्मनीत राहायला गेले होते, त्या उन्हाळ्यात माझे जावई दर रविवारी सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांची गाडी करून आयर्लंडला जात.

मी थट्टा करत नाही. दोन खुर्च्या पुढे, दोन मागे. पुढच्या उजव्या खुर्चीवर हेमंतराव स्वतः, कारण त्या देशात स्टिअरिंग उजवीकडे असतं. हातात माझ्या कुकरचं झाकण. त्यांच्या डावीकडे माझी मुलगी मंजिरी, मांडीवर नकाशा. मागे उजवीकडे नात सानिका, वय वर्षं नऊ, चेहरा कोर्टात साक्षीला आणून बसवल्यासारखा. आणि मागे डावीकडे, खिडकीशी, म्हणजे खरं तर फ्रिजशी, मी. माझ्या मांडीवर खाऊचा डबा. तोही रिकामा. भरलेला डबा खऱ्या प्रवासाला, तालमीला रिकामा, असा नियम होता.

"आल्झो," हेमंतराव सुरू करत. आमचे मास्तर फळ्याकडे वळताना 'हं, तर' म्हणायचे, तसा हा तिकडचा शब्द. बारा वर्षांत त्यांच्या जिभेवर बसलेला. "आल्झो. विमानतळावरून आपण निघालो. पाऊस आहे. समोर गोल चौक आहे. कुठून जायचं?"

"डावीकडून," आम्ही तिघी म्हणत असू.

"गेनाऊ." म्हणजे बरोबर. मग ते झाकण फिरवत आणि आम्ही सगळ्यांनी अंग एका बाजूला कलवायचं.

आयर्लंडहून परत यायला दीड वाजायचा. तोवर कुकरला झाकण नाही, म्हणून डाळ कच्ची. मी एकदा म्हटलं, हेमंतराव, स्टिअरिंगला ताट घ्या, घरात सहा ताटं आहेत. तर म्हणाले, "ताटाला पकड नाही, आई." झाकणाची शिट्टी मात्र ते आठवणीने काढून ठेवत. तिकडे रस्त्यात हॉर्न वाजवणं वाईट दिसतं म्हणे.

मी संगमेश्वरकडची. शिक्षण चौथीपर्यंत. दोन हजार सोळा सालचा तो उन्हाळा, तीन महिने रेगेन्सबर्गला होते. गाव चांगलं आहे, मधून डोनाऊ नावाची नदी वाहते, लोक रविवारी कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात आमचे जावई इंजिनिअर. त्यांचं खातं ब्रेकचं. गाडी थांबते की नाही, हे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पाहायचं. माणूस बारा वर्षं थांबवण्याची नोकरी करतो, त्याला निघायचं कसं सुचणार, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

कारण हेमंतराव निघत नव्हते. ते फक्त तयारी करत होते.

तयारीची एक फाईल होती. फाईल कसली, घडवंचीवर ठेवावं असं ओझं होतं. करड्या पुठ्ठ्याची, लोखंडी कड्यांची, तिला तिकडे ओर्डनर म्हणतात आणि तिकडच्या घरात देव नसले तरी ओर्डनर असतात. तिच्यात आयर्लंडला गाडीने प्रदक्षिणा कशी घालायची ते लिहिलेलं होतं. वरचा एक तुकडा वगळून, कारण तिथे दुसरं राज्य लागतं आणि आणखी एक व्हिसा. कुठे किती वाजता पोचायचं, कुठे पेट्रोल, कुठे संडास. आणि शेवटी धोक्यांची यादी. हेमंतराव त्याला रिस्क म्हणत. एकूण त्रेचाळीस होत्या. रिस्क अकरा, रस्त्यात मेंढी. रिस्क बारा, रस्त्यात मेंढ्यांचा कळप. मी विचारलं, दोन वेगळ्या कशाला? तर म्हणाले, "एका मेंढीला वाट देता येते, आई. कळपापुढे इंजिन बंद करावं लागतं." आयुष्यात एक मेंढी हाकलेली नाही. माझा मात्र बापाच्या गोठ्यात जन्म गेला, पण मला कोण विचारतो.

त्यांची मुख्य धास्ती डाव्या बाजूची. हा माणूस माण तालुक्यात जन्मला, साताऱ्यात वाढला, पुण्यात शिकला, आणि गाडी चालवायला शिकला कुठे, तर जर्मनीत, बत्तिसाव्या वर्षी. म्हणजे अख्खं बालपण डावीकडून चालणाऱ्या देशात काढून, आता डावी बाजू परदेशातली म्हणून शिकत होता. त्यासाठी त्यांनी घराच्या बोळात जमिनीवर निळी चिकटपट्टी लावली. जाणाऱ्याने डावीकडून, येणाऱ्यानेही आपल्या डावीकडून. मी पाण्याची कळशी, म्हणजे तिकडची बाटली, घेऊन सरळ मधून चालायची. "आई, तुम्ही उलट दिशेने येताय," हेमंतराव म्हणायचे. मी म्हणायची, मग मला अपघातात धरा.

एकदा जिन्यात ते डावीकडून उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हुबर उजवीकडून चढल्या. बाईंच्या हातात अंड्यांचा खोका होता. पुढचं सांगत नाही. हेमंतरावांनी माफी मागितली आणि मग जिन्यात उभं राहून त्यांना आयर्लंडची वाहतूक समजावली. त्या ऐकून घेत होत्या. बूट पिवळे झाले होते तरी ऐकून घेत होत्या. जर्मन माणसाला नियम समजावून सांगायला लागलं की तो हलत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

रेनकोटची परीक्षा न्हाणीघरात झाली. प्रत्येकाने रेनकोट घालून शॉवरखाली सात मिनिटं उभं राहायचं. सानिका बाहेर आली ती रडवेली. "पाइनलिष," म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. पाइनलिष म्हणजे बापामुळे मान खाली जाणं, असा मी त्याचा अर्थ लावला आहे. माझी पाळी आली तेव्हा मी साफ नाही म्हटलं. "हेमंतराव, मी साठ पावसाळे इरलं घेऊन लावणी केली आहे. मला पावसाची तालीम देऊ नका."

"इरलं म्हणजे काय?"

सांगितलं. पानांचं, काठ्यांचं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, वाकून काम करता येतं. ते वही घेऊन आले, चित्र काढायला लावलं, मापं लिहून घेतली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "डिझाइन चांगलं आहे. पण गाडीत बसणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, माणूस नेटका आहे, त्यात काय बिघडलं. बिघडलं हे, की इतका नेटका माणूस माझ्याबाबतीत एकही गोष्ट बरोबर सांगत नव्हता.

खुर्च्यांच्या गाडीत दर पाऊण तासाने आम्ही थांबायचो. "आल्झो, इथे आईंच्या डाव्या गुडघ्यासाठी पंधरा मिनिटं."

"उजव्या," मी म्हणायची. माझा उजवा गुडघा दुखतो. सगळ्या संगमेश्वराला माहीत आहे.

"गेनाऊ," ते म्हणायचे. आणि पुढच्या रविवारी परत डावा.

खाण्याच्या जागा आल्या की, "इथे बिनलसणाचं मिळतं, मी त्यांना मेल करून विचारलंय." लसूण मी कच्चा खाते. चहाची जागा आली की, आईंना बिनदुधाचा. बिनदुधाचा चहा मी फक्त घरी म्हैस आटली तेव्हा प्यायले. आणि एक बोगदा होता. तो यायच्या आधी हेमंतराव झाकण सोडून मागे वळत. "आई, पुढे बोगदा आहे. आधी सांगून ठेवतोय."

"मग मी काय करू?"

"काही नाही. फक्त सांगतोय."

कोकण रेल्वेने ये-जा करणारी बाई मी. बोगदा आला की डबा उघडते, तेवढंच खिडकीतून कोणी बघत नाही. मी मंजिरीला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला गाडीचे सगळे स्क्रू पाठ आहेत आणि सासूचा गुडघा कोणता ते ठाऊक नाही. ती हसली नाही. म्हणाली, "जाऊ दे गं आई. म्हणतो तर म्हणू दे."

मंजिरी आपल्या नवऱ्याला हेमंत म्हणते, अरे-तुरे करते. मी तिला सांगणं सोडलं आहे.

आणखी एक खोड. पाहुणा येवो की घरचा माणूस, पाण्याचा पेला हेमंतराव अर्धाच भरणार. लागलं तर परत देतील, दहा वेळा उठतील, पण भरलेला पेला कोणापुढे ठेवणार नाहीत. आमच्याकडे पेला असा देतात की उचलताना हात भिजतो. ही सवय त्यांच्या आईची. आमच्या विहीणबाई माण तालुक्यातल्या, टँकरच्या गावच्या. माझी त्यांची भेट दोनदाच झाली, लग्नात आणि सानिकाच्या बारशाला. लग्नात त्यांनी आमच्या वऱ्हाडाला अर्धे अर्धे पेले ठेवले. मी माझ्या जावेला ऐकू जाईल असं म्हटलं, काय ही चिंधी माणसं, पाण्यालासुद्धा हात आखडतात. विहीणबाईंनाही ते ऐकू गेलं असणार. त्या आल्या, माझा पेला भरून गेल्या. मी त्यातलं निम्मं पाणी तसंच टाकून उठले. त्या बघत होत्या. त्या गेल्या त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तर आयर्लंड. नदीकाठी तिकडच्या मराठी मंडळींची डबे घेऊन बैठक होती. तिथे एका जाड्या गृहस्थाने विचारलं, "अहो हेमंत, सगळं जग स्वित्झर्लंडला जातं. तुम्ही त्या पावसात कशाला निघालात?"

"तिथे रोज पाऊस पडतो," हेमंतराव म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

"रोज," हेमंतराव पुन्हा म्हणाले. "मी आकडे पाहिलेत. थोडा पडतो, पण रोज." जसं काही हे त्या देशाचं गुणवर्णन. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडी खात होते, ती खात राहिले.

जून गेला, जुलै गेला. माझा आयर्लंडचा व्हिसा त्यांनी मुंबईहूनच काढून घेतला होता, किलोभर कागद जोडून. त्याची मुदत ऑगस्टअखेर संपणार होती आणि मी सप्टेंबरात परत जाणार होते. दर सोमवारी मंजिरी विचारायची, बुकिंग करू का. दर सोमवारी हेमंतरावांना एखादी नवी रिस्क सापडायची. टायर. धुकं. तिकडच्या चौकांत चुकलं तर किती वेळा गोल फिरणं कायदेशीर आहे, हे त्यांनी तिथल्या सरकारला पत्राने विचारलं होतं आणि उत्तर यायचं होतं.

मी एका सोमवारी म्हटलं, "हेमंतराव, तुम्ही मला नेणार नसाल तर तसं सांगा. मला पावसाची हौस नाही. मला माझं झाकण हवंय."

ते म्हणाले, "तत्त्वतः आपण जाणार आहोत, आई."

तत्त्वतः जाणारा माणूस मी सरकारी कचेरीत पाहिला होता. घरात पहिल्यांदाच.

शेवटी मंजिरीने ऑफिसातून परस्पर तिकिटं काढली. विमानाची, गाडीची, हॉटेलांची. संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, येत्या शनिवारी निघायचं. हेमंतरावांचा घास हातात राहिला.

"तयारी पूर्ण नाही," ते म्हणाले.

"हेमंत, चार वर्षं झाली."

"साडेतीन," त्यांनी दुरुस्ती केली. मग उठून हात धुतले आणि आत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी अंगात ताप. मी कपाळाला हात लावून पाहिला, खरा होता. नाहीतर मला शंका होती.

गुरुवारी घरात मी एकटी. हेमंतराव तापातून उठून कामावर गेले होते, सानिका मैत्रिणीकडे. ओर्डनर टेबलावर होती. मला त्या मेंढ्या पाहायच्या होत्या. खरंच लिहिल्या आहेत की आम्हाला बनवतात, एवढंच.

मी पानं उलटली. सगळं इंग्रजी, नाहीतर जर्मन. आकडे, रेषा, रंगीत चौकटी. मेंढीचं चित्र सापडलं. म्हणजे बनवत नव्हते. मी मिटणार, तर शेवटच्या प्लास्टिकच्या पिशवीत शाळेच्या वहीचं एक पान दिसलं. पेन्सिलीने लिहिलेलं. मराठी. त्या एवढ्या बाडात मला वाचता येईल असं तेवढंच होतं, म्हणून मी बोट ठेवून वाचलं.

'चि. हेमंत, तू काय काय लागेल विचारलंस म्हणून लिहिते. लसूण नको. चहा बिनदुधाचा. डावा गुडघा चढताना दुखतो, उतरताना नाही. खिडकी डावीकडची दे. बोगदा असला तर आधी सांग, मी डोळे मिटीन. रोज पाऊस पडतो म्हणालास, ते नीट विचारून घे. दुसरं काही दाखवलं नाहीस तरी चालेल. छत्री मी आणणार नाही. आई.'

विहीणबाई गेल्या तेव्हा त्यांचं जर्मनीला यायचं ठरलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. बॅग भरलेली होती असं मंजिरी म्हणाली होती. निघायला पंधरा दिवस बाकी होते आणि बाई सकाळी ओट्याशी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. हेमंतराव पोचले तेव्हा तिसरा दिवस होता, सगळं आटोपलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. इथून पुढे त्या कुठे जाणार होत्या, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं. दोनदा भेटलेली बाई, कशाला विचारीन.

मी पान होतं तसं पिशवीत सरकवलं. ओर्डनर होती तशी ठेवली. लसूण सोलायला घेतलेला होता, तो डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि त्या दिवशी आमटी बिनलसणाची केली. मंजिरी म्हणाली, आई, आज काय विसरलीस? हेमंतरावांनी दोन वाट्या घेतल्या.

शनिवारी आम्ही गेलो. तो प्रवास मी सांगत नाही, विमानात सगळे सारखेच बसतात. डब्लिनला उतरलो तेव्हा पाऊस होता. मोठा नव्हे. आमच्याकडे अशा पावसात कोणी दोरीवरचे कपडेसुद्धा काढत नाही.

भाड्याची गाडी निळी होती. हेमंतराव ओर्डनर काखेत मारून गाडीला डावीकडून प्रदक्षिणा घालून आले, दार उघडून आत बसले, पट्टा लावला, आणि पाहिलं तर पुढे स्टिअरिंग नाही. सवयीने जर्मनीच्या बाजूला बसले होते. तसेच ताठ बसून त्यांनी ओर्डनर उघडली आणि दोन मिनिटं काहीतरी वाचल्यासारखं केलं. मग उतरून दुसऱ्या बाजूला गेले. मंजिरी छत्रीखाली उभी होती. "पाइनलिष," मागे माझ्याशेजारी बसलेली सानिका हळूच म्हणाली. मी तिच्या मांडीवर चापट दिली.

आम्ही निघालो. मागे डावीकडे खिडकीशी मी, मांडीवर डबा, या वेळी भरलेला. हेमंतराव असे चालवत होते की उजवीकडून एक म्हातारा सायकलवाला आमच्या पुढे गेला. तसा रस्ता साधाच. दोन्ही बाजूंना हिरवं गवत आणि दगडांचे गडगे, आमच्याकडे घालतात तसेच. अशा गडग्यांसाठी विमानात बसले, असं मनात आलं.

पहिला गोल चौक आला. हेमंतरावांनी गाडी थांबवली. थांबवायचीच असते, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आम्हाला खुर्च्यांवर पाठ झालं होतं. उजवीकडून तीन गाड्या आल्या, गेल्या. मग एक ट्रक गेला. मग कोणी नव्हतं.

हेमंतराव निघेनात.

मागे एक गाडी येऊन थांबली. दुसरी थांबली. तिसरी. हॉर्न कोणी वाजवला नाही, तेवढं त्यांचं खरं निघालं. वायपर इकडून तिकडे फिरत होता.

"हेमंत," मंजिरी म्हणाली. "मोकळं आहे."

"हो."

"मग?"

"आपण परत जाऊ," हेमंतराव म्हणाले. "आल्झो. विमानतळाजवळ एक हॉटेल आहे. मी बघून ठेवलंय. तिथून... पुढच्या वर्षी नीट."

"हेमंत, अरे आई सप्टेंबरात जाणार."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "मला येत नाही मंजू. इथून पुढे मला जमत नाहीये."

मंजिरीला लायसन नाही. मला तर घोडागाडीही हाकता येत नाही. मागे आता सहा गाड्या होत्या. मी आरशात पाहिलं, तर त्यात हेमंतराव माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे डाव्या खिडकीशी बसलेल्या बाईकडे. मला ती नजर कळली. गुरुवारच्या आधी कळली नसती.

"हेमंतराव," मी म्हटलं, "पुढचा थांबा किती लांब आहे?"

"कोणता?"

"गुडघ्याचा. तुमच्या कागदात असेल ना. चढ लागल्यापासून दुखतोय."

"कोणता गुडघा, आई?"

"डावा."

वायपर तीन-चार वेळा फिरला. मग ते आरशात बघत हळू म्हणाले, "आई, तुमचा उजवा दुखतो."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"उजवा रोजचा आहे," मी म्हटलं. "आज डावा दुखतोय. चढताना दुखतो, उतरताना नाही. कागदात लिहिलंय तसं करा आणि मला तिथे न्या."

मंजिरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच म्हटलं, समोर बघ.

हेमंतरावांनी बाहीने नाक पुसलं. रुमाल खिशात होता, धुऊन इस्त्री केलेला, यादीप्रमाणे. उजवीकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"कुठून जायचं?" त्यांनी विचारलं.

"लिंक्स, पापा," सानिका म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते मराठीत, "डावीकडून."

"गेनाऊ," हेमंतराव म्हणाले, आणि गाडी निघाली. आम्ही सगळ्यांनी सवयीने अंग कलवलं.

थांबा अकरा मिनिटांवर होता. एका टेकाडावर रस्त्याच्या कडेला मोकळी जागा, एक बाक, खाली लांबपर्यंत गवत आणि त्यात मेंढ्या. रस्त्यावर एकही नव्हती. हेमंतरावांनी थर्मासमधून बिनदुधाचा चहा काढला, अर्धा कप भरून माझ्या हातात दिला. मंजिरीने छत्री पुढे केली.

"नको," मी म्हटलं. "छत्री नको."

हेमंतराव माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उगाच कुठेतरी बघायचं म्हणून मेंढ्या मोजत राहिले.

चहा भयंकर होता. पाऊस म्हणाल तर त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. संगमेश्वरला याहून पुष्कळ चांगला पडतो, आणि कोणी बघायला येत नाही. पण कागदात पंधरा मिनिटं लिहिली होती, म्हणून मी पंधरा मिनिटं त्यात उभी राहिले. चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. टाकला नाही.